तेवीस जणांचा फोटो

१७ फेब्रुवारी २०१३, रविवार, सकाळचे साडेअकरा. रक्कम एकशे वीस युरो, करासहित. हजर: मी, माझी बायको माया, शेजारचे डॉक्टर समीर आणि माझे सासरे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप ठेवून मी एका वृत्तछायाचित्र संस्थेच्या वेबसाइटवर कार्डाचा नंबर टाकला आणि एक फोटो विकत घेतला. सीरियातल्या एका रस्त्याचा. त्या रस्त्यावर तोफगोळे पडले होते, आणि त्यानंतर तिथे उभ्या असलेल्या माणसांत समीरची आई आहे का, एवढंच आम्हाला बघायचं होतं.

फोटो घ्यायचा ही कल्पना माझ्या सासऱ्यांची. त्यांचं नाव देवराव गावंडे. मी त्यांना मामाजी म्हणायचो.

अकोटला बसस्टँडजवळ त्यांचा फोटो स्टुडिओ होता. एकेचाळीस वर्षं चालवला. डिजिटल आल्यावर तो पुतण्याच्या हाती देऊन ते घरी बसले. सासूबाई गेल्या, घर एकट्याचं झालं, तेव्हा मायाने हट्ट करून त्यांना तीन महिन्यांच्या व्हिसावर डब्लिनला आणलं. तेही जानेवारीत. क्लोनडॉकिनच्या आमच्या घरातल्या पुढच्या खोलीत, खिडकीशी, स्वेटरवर माझं जुनं जॅकेट आणि कानाला मफलर अशा वेशात ते सकाळी पेपर घेऊन बसायचे. इंग्रजी थोडंफार वाचता येई, पण मजकुराच्या वाटेला ते जात नसत. खिशातून निगेटिव्ह तपासायचं भिंग काढायचं, फोटोवर टेकवायचं आणि त्यातली माणसं मोजायची. सगळी. मागे धूसर दिसणारी, कडेला नुसता हात आलेली, तीसुद्धा.

"जवाईबापू, हे पाहा. सोळा हायेत. खाली किती लिवलं?"

फोटो बहुतेक वेळा कुठल्या तरी पडझड झालेल्या गल्लीचा असे. मी खालची ओळ वाचून सांगे, "नऊ ठार, असं लिहिलंय."

"ते मेलेले. मी जित्यांचं इचारून राह्यलो. हे सोळा कोनी मोजले?"

"कोणी मोजत नाही, मामाजी."

"मंग आपन मोजू. आपल्याले काय काम हाय दुसरं?"

मी ग्रँड कॅनाल डॉकच्या एका कंपनीत पगारपत्रकं करतो. माणूस सुटला तर महिनाअखेरीला आकडा जुळत नाही, म्हणून मोजण्याची सवय मलाही आहे. तरी पहिले काही दिवस मला हा म्हातारपणीचा चाळा वाटला. आमची अकरा वर्षांची रुचा शाळेला निघताना आईला सांगायची, "आबा इज काउंटिंग अगेन." मामाजींना शब्द कळले नाहीत तरी सूर कळायचा. ते म्हणायचे, "मोजतो बाई. तू आली का तुलेबी मोजीन."

डॉक्टर समीर आमच्या शेजारच्या घरात भाड्याने राहायचे. नास या जवळच्या गावातल्या हॉस्पिटलात भूलतज्ज्ञ होते. वय अडतीस, एकटेच. भाऊ आखातात, वडील नाहीत, आई सीरियातल्या त्यांच्या गावी. सकाळी गाडीवरचं बर्फ खरवडताना ते आमच्या खिडकीकडे बघून हात वर करत, मामाजी भिंगासकट हात वर करत. यापलीकडे दोघांची ओळख नव्हती. नाव कळलं तेव्हा मामाजी खूश झाले होते. "समीर? हा त आपल्या अकोल्याचाच निघाला."

२ फेब्रुवारीला, शनिवारी, समीर दारात आले. अंगात कोट नव्हता आणि हातात पेपर होता. म्हणाले, "तुमच्या सासऱ्यांकडे ती काच आहे ना, ती मला पाच मिनिटं मिळेल का?"

मी त्यांना आत घेतलं. त्यांच्या गावाचा फोन एकोणीस दिवस लागत नव्हता. त्यातच गावात गोळे पडल्याची बातमी आली होती. आजच्या पेपरात आला होता तो त्या गोळ्यांनंतरचा फोटो, त्यांच्याच बाजारातल्या रस्त्याचा. डाव्या कडेला तपकिरी कोटातली एक बाई होती, फोटोच्या चौकटीत खांद्याशी कापली गेलेली. समीरना ती आई वाटत होती.

"ती असेल तर गोळे पडल्यानंतरही ती उभी आहे," ते म्हणाले. "एवढंच मला पाहिजे. उभी आहे एवढं."

मी मामाजींना मराठीत सगळं सांगितलं. त्यांनी खुर्ची सरकवून जागा केली, भिंग पुसलं आणि समीरच्या हातात दिलं. समीर वाकून वाकून बघू लागले. भिंगाखाली त्या बाईच्या चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले.

"त्यायले म्हना, इतकं जवळ नोका जाऊ," मामाजी म्हणाले. "छापील फोटो लाजरा असते. जवळ गेलं का पळते. दूर धरा अन् डोळे बारीक करा."

समीरनी तसं केलं. बराच वेळ बघून त्या बाईवर बोट ठेवलं. "हीच," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता मामाजींकडे बघून, "काका, तुम्हाला काय वाटतं?" आमच्यात वडीलधाऱ्यांना काका म्हणतात, हे त्यांना मीच सांगितलं होतं.

मामाजींनी भिंग परत खिशात ठेवलं. मला म्हणाले, "त्यायले सांगा, बोट तुमचं, काम माझं. तीन दिवसांनी परत या अन् परत बोट ठेवा."

समीर गेल्यावर मी विचारलं, हा काय प्रकार? तेव्हा त्यांनी ही गोष्ट सांगितली.

त्यांच्या उमेदीच्या काळात खेड्यापाड्यांत पुष्कळ माणसांचा आयुष्यात एकही स्वतंत्र फोटो नसे. माणूस गेला की घरचे लोक कुठल्या तरी लग्नातला ग्रुप फोटो घेऊन स्टुडिओत येत. मागच्या रांगेत कुठे तरी तो उभा असे. मामाजी त्या घोळक्यातून त्याचा तेवढा चेहरा उचलत, मोठा करत, टोक काढलेल्या पेन्सिलीने निगेटिव्हवर काम करून भुवया, मिशी, डोळे नीट करत, आणि घरच्यांना भिंतीवर लावण्याजोगा फोटो देत. एकदा एक बाई दिराला घेऊन आली. दिराने ग्रुपमधल्या एका फेटेवाल्यावर बोट ठेवलं. बाई रडत होती, तिने नीट बघितलंच नाही. मामाजींनी फोटो करून दिला. तिने आठ वर्षं त्याच्यापुढे दिवा लावला. आठ वर्षांनी एक माणूस स्टुडिओत पासपोर्टचा फोटो काढायला आला, आणि मामाजींनी त्याला ओळखलं. ज्याच्या भुवया त्यांनी चार रात्री बसून कोरल्या होत्या तोच. वरपक्षाकडचा कोणी तरी. ठणठणीत.

"मग तुम्ही काय केलं?" मी विचारलं.

"चहा पाजला त्याले. काय करू?"

"त्या बाईंना सांगितलं?"

"सायकल काढून तिच्या गावाले गेलो. दारात उभा राह्यलो. आत दिवा जळत होता. तिनं पानी देल्लं, म्हने, फोटोवाले भाऊ, तुमचे लय उपकार, तुमच्यानं मले मानूस दिसते घरात." मामाजींनी मफलर सारखा केला. "पानी पेलो अन् वापस आलो. तवापासून मी कोनाले सांगत नाई का हा तोच हाय. घरच्यानं बोट ठेवाचं. एकदा नाई, दोनदा. तीन दिवस मंधात जाऊ द्याचे."

मला ते पटलं नाही. चूक सापडली की ती लिहून दुरुस्त करायची, असं मी आयुष्यभर करत आलो. तसं बोललोही. ते म्हणाले, "कागदावर होते तसं, जवाईबापू."

समीर तीन दिवस थांबले नाहीत. दुसऱ्याच संध्याकाळी आले आणि त्याच बाईवर बोट ठेवलं. मामाजी तोवर समीरनी ठेवलेला तो फोटो पाठ होईल इतका बघत बसले होते. म्हणाले, "हे छाटलेलं हाय. या बाईचा खांदा कुठी गेला? पेपरवाल्यानं जागेसाठी कापलं. आख्ख्या फोटोत आनखी लोकं असतीन. तो मांगवा."

पेपराला पत्र लिहिलं. त्यांनी छायाचित्र संस्थेचा पत्ता दिला. संस्थेने विचारलं, फोटो कशासाठी हवा: पुस्तक, जाहिरात की वैयक्तिक वापर? शेजाऱ्याची आई जिवंत आहे का ते बघण्यासाठी, असं मी लिहिलं. उत्तर सभ्य होतं. ऐकून फार वाईट वाटलं, वैयक्तिक वापराचा दर एकशे वीस. माझी त्यांच्याबद्दल तक्रार नाही. त्यांचं दरपत्रक होतं, त्यात आमच्यासाठी वेगळा रकाना नव्हता. या पत्रापत्रीत दोन आठवडे गेले. फोन लागत नव्हताच. समीर रोज हॉस्पिटलात जात, लोकांना भूल देऊन जागं करत, आणि परतताना आमच्या दारावरून जाताना आमच्या खिडकीकडे बघत. मामाजी मान हलवून नाही म्हणत.

फाइल आल्यावर मी आमच्या भागातल्या फोटोच्या दुकानातून बारा बाय अठराची प्रत काढून आणली. टेबलावर पसरली. पेपरातल्या फोटोत मामाजींनी चौदा माणसं मोजली होती. इथे तेवीस निघाली.

"नऊ लोकं छाटले," ते म्हणाले. "आमच्याकडे लग्नाच्या ग्रुपातून नवरदेवाचा फुवा, आत्याचा नवरा, छाटला गेला त सहा महिने अबोला."

मायाला हसू आलं. समीरना शब्द कळले नव्हते, पण तेही आमच्याकडे बघून थोडं हसले. मग ते फोटोवर वाकले.

तपकिरी कोटातली बाई आता पूर्ण दिसत होती. हातात प्लास्टिकचा रिकामा कॅन होता. समीरनी बोट ठेवलं. थोड्या वेळाने उचललं. पेपरात जिथे कड संपत होती त्याच्या डावीकडे आणखी दोन बायका होत्या, एक भिंतीला टेकलेली, एक पाठमोरी, मान वळवलेली. त्यांचं बोट भिंतीजवळच्या बाईवर गेलं. "ही अशी उभी राहते," ते म्हणाले. मग पाठमोऱ्या बाईवर. "नाही. हा रुमाल तिचा आहे." मग परत कोटावर. शेवटी तो हात त्यांनी दुसऱ्या हाताने धरून मांडीवर ठेवला.

"काका," ते म्हणाले, "तुम्ही आयुष्यभर चेहरे बघितलेत. मी तिचा फोटो दाखवलाय तुम्हाला." पदवीदानाच्या दिवशीचा आईचा फोटो त्यांच्या मोबाइलवर होता, तो मामाजींनी आधीच दहा वेळा बघितला होता. "तुम्ही सांगा. यातली कोण?"

मी भाषांतर केलं. मामाजींनी भिंग उचललं, तिन्ही बायका बघितल्या, मोबाइलवरची आई बघितली. मग मला म्हणाले, "त्यायले म्हना, मले समजत नाई."

मी समीरना तेच सांगितलं, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. ते फोटो घेऊन घरी गेले.

दार लावून मी आत आलो तेव्हा मामाजी भिंग पुसत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिघीतली एकबी त्याची माय नाई. कपाळ पाह्यलं ना? अन् हनुवटी? कोनतीच नाई."

"मग तसं का सांगितलं नाही?"

"काय सांगू? का तुही माय या फोटोत नाई? मंग ते इचारीन, कुठी हाय. ते सांगता येते तुमाले?"

 त्या रात्री मी मायाजवळ बोललो, की मी एक खोटं इंग्रजीत करून दिलं. ती म्हणाली, "तुम्ही बाबांचं वाक्य सांगितलंत." ते खरं होतं आणि त्याने काही हलकं वाटलं नाही. पुढचे नऊ दिवस मी समीरना भेटायचं टाळलं. कचऱ्याची बिन बाहेर ठेवायलाही त्यांची गाडी गेल्यावर जायचो.

दहाव्या दिवशी, बुधवारी संध्याकाळी, समीरनी आमची बेल तीनदा वाजवली. आई सापडली होती. सीमेपलीकडे तुर्कस्तानात, त्यांच्या मावसभावाच्या घरी. गोळे पडायच्या आठवडाभर आधीच ती गावातून निघाली होती. वाटेत पडून पायाचं हाड मोडलं होतं, पण ती बोलली, अकरा मिनिटं बोलली, आणि पहिलं वाक्य काय म्हणाली तर, तू जेवतोस का. समीर हसत हसतच हे सगळं सांगत होते. हातात मिठाईचा खोका होता. मायाने चहा टाकला. रुचाने त्यांना मिठी मारली, एरवी ती शेजाऱ्यांना हॅलोदेखील नीट म्हणत नाही. मामाजींनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला आणि मिठाईचे दोन तुकडे खाल्ले, मधुमेह असून.  माझं ते भाषांतर आता कुणाच्याच आड येणार नव्हतं.

समीरनी फोटोची गुंडाळी परत आणली होती. "हा आता तुमच्याकडेच ठेवा," ते म्हणाले. "मला नाही बघवत."

मी ती घेतली आणि विजेच्या बिलांच्या ड्रॉवरमध्ये टाकली. मामाजींनी चहाचा कप ठेवला.

"जवाईबापू, मंग हे बाई कोन?"

"कुठली?"

"कोटवाली. पंधरा दिवस आपन रोज तिले पाह्यलं. म्हनत होतो, देवा, हे जिती असो. आता त्याची माय भेटली. मंग हे कोनाची माय हाय?"

समीरनी विचारलं, काय म्हणताहेत? मी सांगितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू लगेच गेलं नाही, ते जागच्या जागी राहिलं, पण डोळे खाली गेले. ते म्हणाले, "मला माहीत नाही, काका. आमच्या बाजारातली असेल. देव तिला सांभाळो." मग म्हणाले की सकाळी सातला ड्युटी आहे, आणि गेले. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केलं असतं.

मामाजींनी ड्रॉवरमधून फोटो काढला. दुसऱ्या दिवसापासून पेपर बाजूला राहिला आणि तो एकच फोटो खिडकीशी आला. मला म्हणाले, "त्या कंपनीले पत्र लिवा. इतके पैशे घेतले, नावं त देतीन. लग्नाच्या ग्रुपाखाली आमी सगळ्यायचे नावं लिवायचो, डावीकडून उजवीकडे. हे तेवीस लोक हायेत. एकाचं नाव नाई."

असं काही मिळत नाही हे मला माहीत होतं. तरी लिहिलं. आठवड्याने उत्तर आलं: छायाचित्रातील व्यक्तींची नावे उपलब्ध नाहीत, छायाचित्रकार आता त्या भागात नाही. मी ते मराठीत वाचून दाखवलं.

"त्याले तरी कसं ठाव असन," मामाजी म्हणाले. "फोटो काढून पळाला असन बिचारा. म्याबी पळालो असतो."

मार्चअखेर ते परत गेले. विमानतळावर फोटोची नळी त्यांनी सामानात टाकू दिली नाही, हातात धरली. तपासणीच्या रांगेत शिरण्याआधी मला म्हणाले, "तुमाले वाटते म्हातारा बह्याड झाला." मी नाही म्हणालो. "वाटू द्या. पन एक इचारतो. त्या पोराची माय त्यात असती, अन् मेली असती, त आपन रडलो असतो का नाई?" मी हो म्हणालो. "अन् आता काऊन नाई रडत?" रांग पुढे सरकली आणि ते गेले. 

त्यानंतर दर रविवारी आम्ही फोन करायचो. लेकीशी बोलून झालं की ते मला मागत. "काई समजलं का त्या बाईचं?" मी म्हणे, "नाही मामाजी." "पेपरात?" "पेपरात रोज नवे फोटो येतात." "हव," ते म्हणत, "ते त येनारच." एवढंच. अठरा रविवार त्यांनी हे विचारलं. समीर त्या उन्हाळ्यात आईजवळ राहता यावं म्हणून नोकरी सोडून गेले. त्यांच्या घरात एक पोलिश जोडपं आलं.

ऑगस्टमध्ये मामाजी झोपेत गेले. मी आणि माया अकोटला पोचलो तेव्हा तिसरा दिवस होता. तेरावं झाल्यावर पुतण्याने सांगितलं, काकांची एक फ्रेम बाजारातल्या फ्रेमवाल्याकडे करायला टाकलेली आहे, महिना झाला, घेऊन या.

मी गेलो. दुकान लहान होतं, भिंतीवर देवादिकांच्या तसबिरी. फ्रेमवाल्याने आतून मोठी फ्रेम आणून काउंटरवर उभी केली. तेवीस जण काचेमागे होते. फ्रेमवर चंदनाच्या सालीचा हार चढवलेला होता.

"देवरावभाऊंनी सांगितला होता हार?" मी विचारलं.

"नाई. म्या आपल्या मनानं लावला," तो म्हणाला. "इतक्या मोठ्या फोटोले लोक हार लावतेच. तिनशे चाळीस झाले. हाराचे साठ त्यातच. कोन हायेत हे? तुमच्यातले?"

"नाही."

"मंग हायेत का गेले?"

मी फोटोकडे बघितलं. तपकिरी कोटातली बाई कॅन धरून उभी होती.

"माहीत नाही," मी म्हणालो. "हार काढा."

त्याने हार काढला आणि खोक्यात ठेवला. मी फ्रेमवाल्याला दोनशे ऐंशी रुपये दिले.